तारा कोण लावणार, ते पाटीवर लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी आपल्या अंकात घालून एक गुळगुळीत पत्रक आलं. ‘मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करा. दिवाळीपर्यंत क्लिपांवर 30 टक्के सूट. तपासणी मोफत.’ वर एका गोऱ्यापान मुलीचा हसरा फोटो, खाली दोन मोबाइल नंबर आणि पत्ता म्हणून ‘स्टँडजवळ’. मी ते उलटसुलट करून दोनदा वाचलं. डॉक्टरचं नाव कुठेच नाही. हॉटेलच्या जाहिरातीत आचाऱ्याचं नाव नसतं ते ठीक, पण इथे लेकराच्या जबड्याला हात घालायचा आहे. एरवी असे कागद मी हाताचं ग्रीस पुसायला वापरतो. हा इतका गुळगुळीत होता की त्यानं ग्रीसही पुसलं जाईना. म्हणून तो तसाच गल्ल्यावर राहिला आणि आज दुकान बंद केल्यावर हे पत्र लिहायला बसलो.

माझं तासगावात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी चालवतो. मला दोन मुलं. दोघांच्या दातांना तारा लागल्या. एकाच्या चुकीच्या पद्धतीनं, दुसरीच्या नीट. दातांतलं मला शिक्षण काही नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसायचा अनुभव मात्र दांडगा आहे, आणि त्या बाकड्यावर शेजारी बसलेली आई-बापं एकमेकांना हेच विचारत असतात : चांगला डॉक्टर कोण हो?

थोरल्याची गोष्ट 2017 सालची. तो तेव्हा सातवीत होता. वरचा उजवा सुळा खाली यायला जागाच नव्हती, म्हणून तो शेजारच्या दातावर चढून बसला होता. फोटो काढताना पोरगं ओठ मिटून उभं राहायचं. आम्ही गावातल्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टर ओळखीचे, माणूस सज्जन. दाढ ठणकली तर मी आजही त्यांच्याकडेच जाईन. पाटीवर दहा-अकरा ओळी होत्या आणि त्यांतली एक ‘वाकडे दात सरळ करणे’ अशी होती. डॉक्टर म्हणाले, “आपल्याकडं त्यासाठी सर येतात. एक आड एक रविवारी.” 25 हजार ठरले, निम्मे आधी.

सर आले. तरुण होते, घाईत होते. त्या दिवशी सात-आठ पोरं ओळीत बसली होती. त्यांनी तोंडात आरसा घालून बघितलं, उजवीकडची एक उपदाढ काढायला सांगितली आणि पुढच्या खेपेला क्लिपा चिकटवल्या. पंधरा मिनिटांत काम झालं. मी खूश झालो. माझ्या धंद्यात लवकर काम करणारा हुशार समजला जातो.

नऊ-दहा महिन्यांनी ते सर यायचे बंद झाले. का, ते कुणी सांगितलं नाही. दुसरे सर आले, त्यांनी आधीची तार कापून डब्यात टाकली आणि वेगळी घातली. ते तीन खेपा टिकले. मग एक मॅडम आल्या. त्यांनी पोराला दात आवळायला सांगितलं, वाकून समोरून बघितलं, आणि विचारलं, “एकाच बाजूची उपदाढ का काढली? सुरुवातीचा एक्सरे कुठाय? दातांचे साचे?” कंपाउंडरनं माझ्याकडे बघितलं, मी कंपाउंडरकडे. एक्सरे काढलाच नव्हता. साचे म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत. बहुतेक पहिल्या सरांना वाईट म्हणायचं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी ओळखतो. दुसऱ्यानं अर्धवट खोललेला गिअर माझ्यासमोर आणून टाकला की माझाही चेहरा तसाच होतो.

2019 च्या उन्हाळ्यात तारा निघाल्या. सुळा बऱ्यापैकी ओळीत आला होता, आम्ही पेढे वाटले. प्लॅस्टिकची एक पातळ वाटी दिली, ‘रात्री घालत जा’ म्हणाले. किती दिवस, का, न घातली तर काय, काहीच नाही. महिन्याभरात मावसभावाच्या लग्नात पोरानं जेवताना ती काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि पत्रावळीशेजारी ठेवली. वाढपी पोरांनी पत्रावळ्यांबरोबर ती गोळा करून नेली. आम्हाला दोन दिवसांनी आठवलं. नवी करायला 1500 रुपये सांगितले. म्हटलं, दात तर सरळ झालेत, आता कशाला? दीड वर्षात सुळा पुन्हा बाहेर डोकावायला लागला. वरच्या दातांची मधली रेघ उजवीकडे सरकलेली होती, ती तशीच राहिली.

आता हे सायकलवाल्याला सांगायला लाज वाटते. आमच्याकडे चाकाच्या आऱ्यांनाही ताराच म्हणतात. रीम डावी-उजवी हलायला लागली की चाक स्टँडवर चढवून आऊट काढायचा असतो. रीम डावीकडे जात असेल तर तिथली उजवी तार पाव फेरा आवळायची, डावी पाव फेरा सैल करायची, चाक फिरवायचं, बघायचं, पुन्हा पाव फेरा. एकाच बाजूच्या तारा ओढल्या तर रीम त्या बाजूला जाणारच. घाई करून एकदम दोन फेरे मारले तर चाकाचा आठ होतो. वडिलांनी मला बाराव्या वर्षी पहिल्यांदा निपल, म्हणजे तारेच्या टोकाचा नट, आवळायची चावी दिली तेव्हा सांगितलेलं हेच, आणि पोराच्या तोंडात तेच होत असताना मी बाकड्यावर बसून पेपर वाचत होतो. कधीकधी एकाच बाजूचा दात काढणंही बरोबर असतं म्हणे. असेल. पण ते कशावरून ठरवलं, हे कुठेतरी लिहिलेलं हवं होतं की नको?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे मागची म्हणजे धाकटी लेक. 2021 साली ती आठ वर्षांची होती. वरचे पुढचे दात मोठे आले, मध्ये फट, आणि दात पुढे. वर्गात तिला ‘खवणी’ म्हणायला लागले. आमची आई म्हणाली, “फट असलेली बाई नशीबवान असती. दात तेवढे रोज अंगठ्यानं आत दाबत जा.” मेहुण्यांनी सांगितलं, “आत्ताच करून घ्या. पोरीची जात आहे, पुढं लग्नात नडतंय.” थोरल्याच्या वेळी हे कुणीच म्हणालं नव्हतं, हे बायकोनं तिथल्या तिथे सुनावलं.

एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनीही लगेच क्लिपा लावू म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान डोलावली नाही. सांगलीला गेलो. एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं काम चांगलं झालेलं बघितलं होतं, त्यानं पत्ता दिला. खताच्या दुकानावरचा माडीचा दवाखाना. पाटी एवढीशी, तिच्यावर एकच काम लिहिलेलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. आठवड्याचे सहा दिवस त्या स्वतः तिथे असतात.

त्यांनी आधी तोंड उघडायला सांगितलंच नाही. पोरीशी गप्पा मारल्या आणि तिला न कळता बघत राहिल्या. मग बायकोला विचारलं, “झोपताना तोंड उघडं असतं का? घोरते का? अंगठा चोखायची का? कितव्या वर्षापर्यंत?” मला वाटलं बाई बालरोगतज्ज्ञ आहेत की काय. मग सगळ्या जबड्याचा एक लांबलचक एक्सरे काढून आणायला सांगितला. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला दाखवला. दुधाच्या दातांच्या वर, हाडाच्या आत, पक्के सुळे तिरके आडवे होऊन वाट बघत होते. शेंगेत दाणे दिसावेत तसे. बाई म्हणाल्या, “हे सुळे खाली येताना पुढच्या दातांच्या मुळांना बाजूनं रेटतात, म्हणून वर फट दिसते. सुळे आले की बहुतेकांची ती आपोआप मिटते. या वयात पोरं जरा विचित्रच दिसतात. आत्ता तारा लावायच्या नाहीत. दर सहा महिन्यांनी आणून दाखवा. खालचा जबडा थोडा मागे आहे, त्याचं अकराव्या वर्षाच्या आसपास बघू, ती उंच व्हायला लागली की.” तपासणीचे 300 रुपये घेतले आणि आम्हाला घरी पाठवलं.

खरं सांगतो, एस.टी.त बसल्यावर मला संशय आला. 300 रुपयांत परत पाठवणारा डॉक्टर बघितला की आपल्याला वाटतं याला काम येत नसेल. तासगाव येईपर्यंत मी बायकोला तेच सांगत होतो. तिनं उलट विचारलं, “तुमच्याकडं कुणी नुसती हवा कमी असलेली सायकल आणली तर तुम्ही नवं टायर घालता का?”

म्हणून वाचकांना एवढंच सांगेन की सात-आठ वर्षांच्या पोराला दाखवून जरूर आणा. अमेरिकेतली वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची संघटनासुद्धा पहिली तपासणी सातव्या वर्षी करा म्हणते. पण दाखवणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं. काही गोष्टींत थांबायचं नसतं, वरचे दात खालच्यांच्या आत चावत असतील किंवा जबडा एका बाजूला सरकत असेल तर लवकरच हात घालावा लागतो, असं बाईंनीच सांगितलं. कशात थांबायचं आणि कशात नाही, हे ज्याला कळतं त्याच्याकडे जायचं.

आता ते कळणारा ओळखायचा कसा? पाटीवर ‘डेंटल सर्जन’ सगळ्यांच्याच असतं. बी.डी.एस. म्हणजे दातांचा डॉक्टर, आपल्या एम.बी.बी.एस.सारखा. त्याच्यापुढे तीन वर्षं शिकून एम.डी.एस. होतात. इथेच मी एकदा फसलो होतो. मला वाटायचं एम.डी.एस. लिहिलं की झालं. तसं नाही. एम.डी.एस. हिरड्यांचा असतो, रूट कॅनॉलचा असतो, कवळ्या बसवण्याचा असतो, लहान मुलांच्या दातांचा असतो. वाकड्या दातांचा आणि जबड्याचा जो, त्याला ‘ऑर्थोडॉन्टिक्स’ असा शब्द पदवीपुढे कंसात लागतो. भिंतीवर पाच-सहा फ्रेमा असतात, त्यांत दोन-तीन दिवसांच्या शिबिराची प्रमाणपत्रंही असतात, ती रंगीत असल्यामुळे आधी नजरेत भरतात. आपण पदवी शोधायची. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तोही विचारायला हरकत नाही. गाडीच्या ड्रायव्हरला आपण लायसन विचारतोच की. विचारल्यावर चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, हा माझा अनुभव. ज्याला आला, तिथून आम्ही उठलो.

पदवीपेक्षाही मोठा प्रश्न मला वाटतो तो हा : दोन वर्षांनी याच खुर्चीशेजारी हाच माणूस उभा असेल का? तारांचं काम दाढ काढण्यासारखं एका बैठकीचं नाही. दीड-दोन वर्षं, दर महिना-सव्वा महिन्याला एक खेप. तालुक्याच्या गावी बाहेरून डॉक्टर येतात, त्यात वाईट काही नाही. ते आले नाहीत तर आम्हाला प्रत्येक वेळी सांगली-कोल्हापूर गाठावं लागेल. वाईट हे आहे की ते कोण आहेत, किती दिवसांच्या बोलीवर येतात, यायचे बंद झाले तर पुढचं कोण बघणार, हे आई-बापाला कुणी सांगत नाही. पैसे स्थानिक डॉक्टर घेतात, काम पाहुणे डॉक्टर करतात, आणि कागद कुणाकडेच राहत नाही.

कागदावरून सांगायचं तर, आम्ही मधल्या काळात डेंटल कॉलेजातही चौकशी केली होती. लोक कॉलेज म्हटलं की नाक मुरडतात, “पोरं शिकतात तिथं आपल्या पोरांवर.” माझं मत वेगळं झालं. तिथे पदव्युत्तर शिकणारे विद्यार्थी काम करतात हे खरं, पण प्रत्येक पायरीवर मास्तर येऊन बघून सही करतात. एका खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे साचे, शेकड्यांनी, प्रत्येकावर नंबर आणि तारीख. विद्यार्थी पास होऊन गेला की त्याची पोरं खालच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे जातात आणि साचे, एक्सरे, वही त्यांच्याबरोबर जाते. हात बदलतो, वही बदलत नाही. थोरल्याच्या वेळी नेमकी तीच वही नव्हती. खर्च मला 18 हजार सांगितला, म्हणजे खासगीपेक्षा बराच कमी. आम्ही नाही गेलो, कारण तिथे दर खेपेला अख्खा दिवस मोडतो, तोही कामाचा वार, आणि माझ्या दुकानात मी एकटाच. ज्याला वेळ काढता येतो त्यानं आधी तिथे जावं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

लेक दहाव्या वर्षी सायकलवरून पडली. सायकलवाल्याची पोरगी, तीही माझ्याच दुकानासमोर. पुढच्या दाताचा कोपरा उडाला. बाई म्हणाल्या, दात पुढे असले की पडल्यावर आधी तेच आपटतात, ओठाचं झाकण नसतं ना. मग अकराव्या वर्षी काम सुरू झालं. आधी साचे घेतले : गुलाबी लगदा चमच्यात भरून तोंडात, पोरीला उमासे, आणि बाई तिला म्हणतायत, “पायाचा अंगठा हलव बघू, उजवा, आता डावा.” पोरगी पायाकडे बघत राहिली आणि तेवढ्यात लगदा घट्ट झाला. फोटो काढले, चेहऱ्याचा बाजूनं एक्सरे काढला. आठवड्यानं आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. वहीच्या कागदावर, मराठीत. आधी वर-खाली दोन प्लेटा, त्यांचे उतार असे की तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येऊनच मिटावा. त्या नऊ-दहा महिने, जेवतानासुद्धा. मग तारा साधारण दीड वर्ष. मग रिटेनर, म्हणजे ती रात्री घालायची वाटी. एकूण 48 हजार, रिटेनर त्यातच, पैसे हप्त्यानं. माझ्याकडे पंक्चरचे 50 रुपये होतात. 960 पंक्चर, असा मी मनात हिशोब केला आणि सही केली.

त्या कागदावर रिटेनरचं नाव तारांच्या आधी दोनदा लाल शाईनं लिहिलेलं होतं. बाई म्हणाल्या, “दात सरळ करणं माझं काम, सरळ ठेवणं तुमचं. तारा काढल्यावर दात परत जायला बघतात. रात्रीची वाटी वर्षानुवर्षं लागेल, हे कबूल असेल तरच सुरू करू.” मला पत्रावळी गोळा करणारी पोरं आठवली.

प्लेटा घातल्यावर आठवडाभर पोरगी तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची आणि उशी लाळेनं ओली व्हायची. मग सरावली. नऊ महिन्यांत तिचे ओठ आपोआप मिटायला लागले. ते मला आधी दिसलं नाही. बायकोनं दाखवलं, ती झोपलेली असताना.

मग तारा लागल्या त्या दिवसाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी बाईंना विचारलं, जरा जास्त ताण दिला तर लवकर होणार नाही का? त्यांनी डबीतून केसाएवढी बारीक तार काढली, बर्फाच्या तुकड्याला लावली आणि माझ्या हातात दिली. मी तिला वाकवली. दोऱ्यासारखी मऊ, वाकडी केली तशी वाकडीच राहिली. “आता मुठीत धरा,” म्हणाल्या. मूठ उघडली तर तार पुन्हा कमानीसारखी! निकेल आणि टायटॅनियमची असते म्हणे, तोंडाच्या उबेनं तिला आपला मूळ आकार आठवतो. आणि तेवढ्या सावकाश ओढीनंच दात चालतो, महिन्याला सुमारे 1 मिलिमीटर. दात हाडात ठोकलेला खिळा नाही; त्याच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात. ज्या अंगाला हलका दाब येतो तिथलं हाड विरतं आणि मागच्या अंगाला नवं भरत येतं. जास्त आवळलं तर तिथलं रक्त अडतं, दात पुढे जायचा सोडून थांबतो, कधी मूळच झिजतं. मी म्हटलं, “म्हणजे पाव फेरा.” त्यांना कळलं नाही. मग मी त्यांना चाकाचा आऊट कसा काढतात ते सांगितलं. बाहेर चार पेशंट बसले होते, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

अडचणी याही वेळी आल्याच. आमच्या तालुक्यात घरोघरी बेदाणा. तो तारांत असा चिकटतो की ब्रशनं निघत नाही. बेदाणा बंद, चिक्की बंद, ऊस बंद. तरी गुऱ्हाळावर जाऊन ऊस खाल्लाच आणि एक क्लिप निखळली. तारेचं टोक गालाला टोचायला लागलं की लावायला मेणाची डबी दिलेली आहे, ती दप्तरात असते. फोन केला की बाई स्वतः उचलतात असं नाही, पण दुसऱ्या दिवशी बोलावतात. मला तेवढं पुरे.

तारांशिवाय, दातांवर घालायच्या पारदर्शक साच्यांनी दात सरळ करायची नवी पद्धत आहे, तिचीही चौकशी केली होती. सांगलीतच एका चकचकीत ठिकाणी 1 लाख 60 हजार सांगितले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली असेल तर पद्धत चांगली असेल. पण हल्ली घरपोच साचे पाठवणाऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतात, त्यात मात्र पडू नका. अमेरिकेत अशी एक बडी कंपनी 2023 च्या डिसेंबरात एकाएकी बंद पडली आणि माणसं अर्ध्या सरळ दातांनी तशीच राहिली. आमच्या थोरल्याला निदान भांडायला एक दवाखाना तरी होता.

संपादक महाराज, आता तुमच्याकडे एक मागणं. पत्रकं तुमच्या अंकात वाटणारा एजंट घालतो, तुम्ही छापत नाही, हे मला कळतं. पण तुमच्या पुरवणीतही दाताच्या दवाखान्यांच्या जाहिराती असतात. त्यांत ‘तारा लावणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पदवी आणि येण्याचे वार’ एवढी एक ओळ असल्याशिवाय जाहिरात घेऊ नका. दवाखान्यांनीही तीच ओळ पाटीवर लिहावी. रंगाचा खर्च माझ्याकडून. आणि आई-बापांना सुरुवातीच्या एक्सरेची प्रत आणि काय करणार ते मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. शाळेत सरकारी आरोग्य पथक येतं, ते किडलेले दात बघतं, चांगलं काम आहे. त्यांनी पोरांना एकदा दात आवळायला सांगून वरचे-खालचे कसे बसतात एवढं जरी बघितलं आणि वहीत टिपलं, तरी आमच्यासारख्यांना वेळेवर कळेल. शाळेच्या बाईंनी आम्हाला चार वेळा केस कापायला सांगून पाठवलं, दाताचं कुणी बोललं नाही.

नाव छापू नये ही विनंती. मुलीला वर्गात पुन्हा त्रास नको, आणि गावातले ते डॉक्टर अजून माझे गिऱ्हाईक आहेत.

थोरला आता वीस वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत. परवा बाईंनी सहज विचारलं, भाऊ काय करतो, म्हणून मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्या वयातही करता येतं, जरा वेळ जास्त लागतो, जुने कागद असतील तर आणा. मी म्हटलं, जुना फक्त शाळेच्या ओळखपत्राचा फोटो आहे, त्यात त्यानं तोंड मिटलेलं आहे. “तोच आणा,” म्हणाल्या. दिवाळीला तो चार दिवस येतोय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघांचा एकदमच नंबर लावलाय.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला, तासगाव